पाट्यांचं दुकान आणि रुसलेला प्रोग्रॅम

त्या गल्लीत लहानथोर सगळे त्यांना वहिनी म्हणत. खरं तर त्या एकाच माणसाच्या वहिनी होत्या, धाकट्या दिराच्या. पण दुकान थाटलं त्या दिवशी या दिराने गल्लीच्या टोकापासून ‘वहिनी, खिळे कुठे ठेवू?’, ‘वहिनी, शिडी कुणाची आणलीय?’ अशा इतक्या हाका मारल्या की संध्याकाळी समोरचा चष्मेवालाही ‘वहिनी, जरा हातोडी मिळेल का?’ म्हणत दारात उभा राहिला. नाव चिकटलं ते चिकटलंच.

दुकान पाट्यांचं होतं. त्यांच्या नवऱ्याला गल्ली पेंटर म्हणायची. ब्रशने अक्षरं काढण्यात पेंटरांचा हात असा, की त्यांनी ‘येथे थुंकू नये’ लिहिलं तर माणूस वाचत उभा राही आणि थुंकायचं विसरून जाई. पुढे दिवस बदलले. कॉम्प्युटर आला, त्याच्या पाठोपाठ रंगीत चिकट कागदातून अक्षरं कापणारं मशीन आलं. लोकांना पाटी आजच्या आज हवी असायची, आणि ब्रश काही कुणाच्या घाईने वाळत नाही. वहिनी महिनाभर डोळे फाडून बसल्या आणि ते सगळं शिकल्या. पेंटर मात्र त्या मशीनकडे घरजावयाकडे बघावं तसे बघायचे. काढताही येत नाही, कौतुकही करवत नाही. मोजमापं घेणं, पाट्या ठोकणं, फिकट झालेल्या जुन्या अक्षरांवरून हात फिरवणं एवढं काम त्यांच्याकडे उरलं होतं.

त्यांच्या डोक्यात अधूनमधून कल्पना येत. अलीकडची कल्पना म्हणजे टीव्ही. बंद पडलेल्या एका लॉजमधून त्यांनी भला मोठा टीव्ही उचलून आणला आणि दुकानाच्या दर्शनी काचेत, रस्त्याकडे तोंड करून उभा केला.

‘यावर पाट्यांचे नमुने दाखवू,’ ते म्हणाले होते. ‘येणारेजाणारे बघतील.’

‘येणारेजाणारे मॅच बघत उभे राहतील आणि दार अडवतील,’ वहिनी म्हणाल्या होत्या.

त्यानंतर टीव्ही तिथेच काळं तोंड करून उभा होता. त्याच्यामागे प्लायवुडचा आडोसा होता, त्यामुळे आत बसलेल्या माणसाला टीव्ही दिसत नसे. आडोशाखालच्या वीतभर फटीतून दिसत ते फक्त रस्त्यावरच्या लोकांचे पाय. टीव्ही अजून जोडलेला नाही, अशी वहिनींची समजूत होती. काल त्या बहिणीकडे गेल्या तोवर ती खरीही होती.

आज सकाळी त्या दुकानात आल्या, पदर खोचला, खुर्चीवर उशी सारखी केली आणि अक्षरांच्या प्रोग्रॅमवर टकटक केलं. वाळूचं घड्याळ फिरल्यासारखं काहीतरी फिरलं, थांबलं, आणि पुढे काही नाही. परत टकटक. परत तेच. पडद्यावर मागचं डोंगराचं चित्र जसंच्या तसं.

‘आता काय झालं याला?’ त्या म्हणाल्या.

आज हे व्हायला नको होतं. गल्लीच्या कोपऱ्यावर दातांचा नवा दवाखाना उघडायचा होता आणि तिथल्या डॉक्टरीणबाई दुपारी पाटी बघायला येणार होत्या. बाई स्वभावाने गोड, पण रंग ठरवताना जीव घेत. निळा ठरवून जायच्या, चष्मेवाल्याच्या दारापर्यंत जाऊन परत यायच्या आणि म्हणायच्या, ‘हिरवा कसा दिसेल?’ वहिनींनी त्यांच्यासाठी दोन्ही रंगांत पाटी करून ठेवली होती, पण ती होती त्या प्रोग्रॅमच्या पोटात.

वहिनींनी फोन उचलला आणि धाकट्या भावजींना लावला.

भावजी दुसऱ्या शहरात एका मोठ्या कचेरीत कॉम्प्युटर सांभाळायचे. घरात कुणाचा मोबाइल गरम झाला तरी फोन त्यांनाच जायचा, आणि तेही डॉक्टरसारखे आधी विचारायचे, ‘केव्हापासून होतंय?’

‘केव्हापासून होतंय, वहिनी?’

‘आत्तापासून.’

‘कुणी काही बदललंय का?’

‘काही नाही.’

‘सगळे असंच म्हणतात.’

‘मग विचारता कशाला, भावजी?’

तरी त्यांनी मान वळवली. पेंटर मागच्या मोरीपाशी ब्रश धूत होते. ‘अहो, काल मी नसताना कॉम्प्युटरला हात लावला होता का तुम्ही?’

‘मी?’ पेंटर म्हणाले. ‘मी कशाला हात लावू तुझ्या कॉम्प्युटरला?’

हे ते जरा जास्तच जोरात म्हणाले. वहिनींच्या ते लक्षातही आलं. पण नवरा नळाखाली हात धरून बोलत होता, आणि नळाशी माणूस जोरातच बोलतो. पेंटरांनी ब्रश झटकले, खिशात मोजपट्टी टाकली, ‘चष्मेवाल्याच्या पाटीचं माप घेऊन येतो,’ म्हणाले आणि सटकले.

‘कुणीही हात लावलेला नाही,’ वहिनींनी फोनवर सांगितलं.

‘बरं. आधी बंद करून चालू करा.’

‘केलं.’

‘केव्हा केलंत?’

‘तुम्ही हेच सांगणार हे मला फोन लावायच्या आधीच माहीत होतं.’

भावजींनी घसा खाकरला. मग त्यांनी उजवं बटण दाबायला सांगितलं. एक यादी उघडली. ‘त्यात मालकाच्या हक्काने उघडा, अशा अर्थाचं काहीतरी असेल, ते दाबा.’

‘मालक तर बाहेर गेलेत.’

‘वहिनी, मालक तुम्हीच.’

‘हे मला सांगून काय उपयोग? त्या प्रोग्रॅमला सांगा.’

मालकाच्या हक्काने उघडूनही प्रोग्रॅमने मालकाला जुमानलं नाही. मग भावजींनी आत काय काय चालू आहे ते दाखवणारी खिडकी उघडायला लावली. वहिनींनी चष्मा नाकावर सारला आणि एकेक नाव वाचत खाली आल्या. अक्षरांच्या प्रोग्रॅमचं नाव तिथे होतं. एकदा नव्हे, त्यांनी जितक्या वेळा टकटक केलं होतं तितक्या वेळा.

‘म्हणजे चालू आहे की!’ भावजी ओरडले.

‘चालू असेल तर मग दिसू दे ना.’

‘सगळी बंद करा. आणि आता एकदाच उघडा. एकदाच हं.’

वहिनींनी सगळी बंद केली आणि श्वास रोखून एकदाच उघडलं. खालच्या पट्टीत प्रोग्रॅमचं चिन्ह उमटलं, त्याच्याखाली बारीक रेघही आली. त्यावर माउस नेला तर नखाएवढं चित्र वर आलं, कोरं पान दिसलं, आणि माउस हलताच गेलं.

‘आत आहे, भावजी. नखाएवढा दिसतो. हाक मारली की डोकावतो आणि परत आत पळतो.’

‘अँटिव्हायरस रोखत असेल. तो थोडा वेळ बंद करा.’

बंद केला. फरक शून्य. वहिनींना आणखी एक गोष्ट खटकत होती. ‘आणि हा माउसचा बाण बघा, उजवीकडे नेला की पडद्याबाहेर पडतो. आधी कडेला थांबायचा. आज कुठे उंडारायला जातो कोण जाणे. डावीकडे बराच ओढला की येतो परत.’

‘माउस जुना झाला असेल.’

‘अहो, गेल्याच महिन्यात घेतलाय.’

‘मग नवा आहे म्हणून असेल.’

वहिनींनी फोन कानापासून दूर धरला, त्याच्याकडे एक नजर टाकली आणि परत कानाला लावला. तिकडे भावजींना कुणीतरी हाका मारत होतं.

‘वहिनी, साहेब बोलावताहेत. फोन ठेवू नका, मी आलोच. तोवर एक करा. कीबोर्डची एखादी कळ आत रुतून बसली असेल तरी प्रोग्रॅम अडतो. सगळ्या कळा दाबून बघा. खाली प्रोग्रॅमचं चिन्ह दिसतंय ना? त्यावर एकदा क्लिक करा, सोडा, आणि मग काहीही टाइप करा.’

‘दिसणार तर काही नाही.’

‘दिसायला नकोच आहे. कळा वर येतात का, तेवढं बघा.’

फोनवर संगीत सुरू झालं. वहिनींनी तो टेबलावर ठेवला आणि चिन्हावर क्लिक करून टाइप करायला लागल्या. आधी बाराखडीच घातली. कळा नीट वर येत होत्या. मग बाराखडीचा कंटाळा आला. मग हात आपोआप शब्दांकडे वळले.

*चालू हो.*

मग,

*चालू हो रे बाबा. पाया पडते.*

गंमत अशी, की समोर काहीच उमटत नसल्यामुळे लिहायला फार बरं वाटत होतं. वहिनी बोलायला कमी नव्हत्या, पण दुकानात सतत कुणी ना कुणी असायचं आणि गिऱ्हाइकासमोर जीभ आवरावी लागायची. भिंतीशी बोललं तर लोक वेडं म्हणतात. टाइप करणाऱ्या बाईला कुणी काही म्हणत नाही, काम करतेय असंच दिसतं. त्यांनी पाठ टेकली, बोटं मोडली आणि पुढे लिहिलं.

*भावजी हुशार आहेत पण मी मुर्ख आहे असं धरून बोलतात.*

बाहेर कुणीतरी हसलं. गल्लीत न्हाव्याचं दुकान होतं आणि तिथे सकाळी गप्पांचा अड्डा जमायचा, त्यामुळे वहिनींनी मनावर घेतलं नाही.

*दातवाल्या बाईंना निळा हवा की हिरवा ते देवालाच ठाऊक. देवालाही त्या एकदा विचारतील आणि परत जाऊन बदलतील.*

बाहेर मोठा हशा झाला. आडोशाखालच्या फटीतून वहिनींना पाय दिसले. दोन चपला, एक बुटांचा जोड, आणि न्हाव्याच्या दुकानातल्या रबरी सपाता. ऊन चढलं की लोक त्यांच्या छपराखाली सावलीला थांबत. ‘थांबा बापडे,’ वहिनी मनात म्हणाल्या आणि पेंटरांकडे वळल्या, म्हणजे लिहिण्यात.

*ह्यांना एक काम सांगितलं तर दोन करतात आणि दोन्ही उलटी. लॉजमधला टीव्ही आणून ठेवलाय. लॉज बंद पडलं ते त्याच्याच पायगुणाने असणार.*

हे लिहून त्यांना इतकं बरं वाटलं की त्या स्वतःशीच हसल्या. बाहेरही लोक हसत होते. आज न्हाव्याकडे भलताच रंग भरलेला दिसत होता. फटीतले पाय वाढले होते, आणि त्यात आता पेंटरांचे रंगाचे डाग पडलेले बूटही होते. बघा, वहिनींना वाटलं, माप घ्यायला म्हणून गेले आणि उभे राहिले गप्पा छाटत.

फोनवरचं संगीत फिरून पहिल्यापासून सुरू झालं. वहिनींची नजर भिंतीकडे गेली. तिथे पेंटरांनी फार पूर्वी रंगवलेली एक पाटी होती, कुठल्याशा बेकरीची. बेकरीवाला पाटी न्यायला आलाच नव्हता. त्या ‘बे’ची मात्रा अशी वळली होती की बघणाऱ्याची मान आपोआप तिच्याबरोबर वळायची. वहिनी रोज त्या पाटीसमोर बसून मशीनची अक्षरं जुळवायच्या, आणि रोज त्यांना एक गोष्ट जाणवायची, जी त्यांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती. आता समोर कोरा डोंगर होता आणि ऐकायला कुणी नव्हतं. त्यांची बोटं हळूहळू चालली.

*ह्यांच्या हातच्या अक्षराची सर या मेल्या मशीनला जन्मात येणार नाही. पण हे ह्यांना सांगायचं नाही. डोक्यावर बसतील.*

बाहेर एकदम शांत झालं. कुणी हसलं नाही. वहिनींना ती शांतता ऐकू आली, पण तिचं काय करायचं ते कळलं नाही.

तेवढ्यात दाराची घंटी वाजली आणि शाळेतल्या बाई आत आल्या. बाई केव्हाच निवृत्त झाल्या होत्या, पण गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेली होती आणि उरलेल्या निम्म्यांनाही तसंच वाटायचं. त्यांच्या हातात भाजीची पिशवी होती.

‘वहिनी,’ त्या म्हणाल्या, ‘‘मूर्ख’मधला मू दीर्घ.’

‘कुठला मूर्ख?’ वहिनी गोंधळल्या.

‘तुमच्या भावजींच्या ओळीतला. बाकी सगळं शुद्ध आहे. ‘डोक्यावर बसतील’ अगदी बरोबर. पण पाट्यांच्या दुकानात तरी ऱ्हस्वदीर्घ नीट हवेत, म्हणून म्हटलं सांगावं.’

वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. ‘बाई, तुम्ही हे कुठे वाचलंत?’

‘कुठे म्हणजे? बाहेर. सगळी गल्ली वाचतेय.’

वहिनी उठल्या ते उशीसकट. उशी दारापर्यंत आली आणि तिथे पडली. त्या रस्त्यावर गेल्या आणि वळून बघितलं.

काचेत टीव्ही झगमगत होता. पांढऱ्या पानावर काळीभोर अक्षरं, एकेक चांगलं चार बोटं उंच, गल्लीच्या कोपऱ्यावरूनही वाचता यावीत अशी. वर बाराखडी. तिच्याखाली पाया पडणं. मग भावजी, मग डॉक्टरीणबाई, मग लॉज. आणि तळाशी ती शेवटची ओळ, तिच्यापुढे लुकलुकणारी रेघ, जणू आणखी काही सांगायचं राहिलंय का म्हणून विचारणारी.

समोर चष्मेवाला उभा होता. न्हावी हातात कात्री घेऊन उभा होता आणि त्याच्या शेजारी त्याचं गिऱ्हाईक, गळ्यात पांढरं कापड, अर्धं डोकं कापलेलं, अर्धं तसंच. दोन शाळकरी मुली होत्या, आणि वहिनींनी कधी न पाहिलेले एक गृहस्थ, ज्यांनी त्यांना बघताच अदबीने टोपी काढली.

‘वहिनी,’ चष्मेवाला म्हणाला, ‘अक्षर एकदम स्पष्ट आहे हो. माझ्याकडच्या तक्त्यापेक्षा बरं. आज दोघांचे डोळे मी यावरच तपासले.’

आणि या सगळ्यांच्या मध्ये पेंटर होते. मोजपट्टी हातात लोंबत होती. ते हसत नव्हते.

वहिनींनी त्यांच्या बाहीला धरलं आणि आत नेलं.

‘तुम्ही म्हणालात हात लावला नाही!’

‘कॉम्प्युटरला नाहीच लावला,’ पेंटर म्हणाले. ‘माउसला लावला.’

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. काल त्यांनी वायरमनला बोलावून टीव्ही कॉम्प्युटरला जोडून घेतला होता, कॉम्प्युटर लागला की तोही आपोआप लागेल असा. वहिनींना चकित करायचं म्हणून. वायरमनने दाखवलं, की पडद्यावरची खिडकी माउसने धरून उजवीकडे ओढली की ती या पडद्यावरून त्या टीव्हीवर जाते. पेंटरांनी अक्षरांचा प्रोग्रॅम ओढून नेला, बाहेर जाऊन बघून आले, खूश झाले, आणि तो तिथेच बंद करून घरी आले. प्रोग्रॅमने ते लक्षात ठेवलं. आज उघडायला सांगितल्यावर तो मुकाट्याने, आज्ञाधारकपणे, काल जिथे होता तिथेच उघडत राहिला.

‘आणि तुम्ही बाहेर उभे राहून बघत होतात? आत येऊन सांगता येत नव्हतं?’

‘बाराखडी आली तेव्हा वाटलं, तुला कळलं. तू टीव्ही करून बघतेयस. मी तर चष्मेवाल्याला म्हटलं, बघा, सुरू झाला आमचा!’ पेंटरांनी मोजपट्टी गुंडाळायला घेतली. ‘मग लॉजचं आलं. तेव्हा मी निघालो होतो आत यायला. त्याने हात धरला. म्हणाला, थांबा, अजून येतंय.’

‘आणि मग?’

‘मग ती शेवटची ओळ आली.’

मोजपट्टी गुंडाळून झाली होती. पेंटरांनी ती सोडली आणि पुन्हा गुंडाळायला सुरुवात केली. वहिनींचे कान तापले होते. शाळेतल्या बाई अजून तिथेच होत्या, पण त्यांनी भिंतीवरच्या बेकरीच्या पाटीत इतकं लक्ष घातलं होतं की जणू त्या पाव घ्यायलाच आल्या आहेत.

‘ते मी असंच लिहिलं होतं,’ वहिनी म्हणाल्या. ‘कळा बघायला.’

‘हो ना,’ पेंटर म्हणाले. ‘कळाच असणार.’

तेवढ्यात टेबलावरून आवाज आला. ‘वहिनी! वहिनी, ऐकू येतंय का? मला सुचलं! दुसरा कुठला पडदा जोडलाय का कॉम्प्युटरला?’

वहिनींनी फोन उचलला. ‘भावजी, ही गोष्ट गल्लीला कळली, न्हाव्याच्या गिऱ्हाइकाला कळली, रस्त्याने जाणाऱ्या कुणा गृहस्थाला कळली. तुमचा नंबर त्यांच्या मागे.’

‘पण कळलं की नाही? मी म्हणतच होतो, कुणीतरी काहीतरी बदललंय.’

‘तुमच्या दादांनी बदललं. आता ते परत कसं आणायचं ते सांगा, मग त्यांच्याशी काय भांडायचं ते भांडा.’

भावजींनी सांगितलं. खिडकीचं चिन्ह असलेली कळ, तिच्याबरोबर शिफ्ट, आणि डावा बाण, तिन्ही एकदम. वहिनींनी तिन्ही कळा दाबल्या, आणि रात्रभर बाहेर हिंडून आलेलं मांजर काही घडलंच नाही अशा थाटात आत यावं, तसा प्रोग्रॅम त्यांच्या पडद्यावर येऊन बसला. बाहेरून एकसुरात ‘अरेरे’ ऐकू आलं.

‘झालं?’ भावजींनी विचारलं.

‘झालं. हुशार आहात हो.’

‘मग मघाशी कुणीतरी ‘मूर्ख’, ‘भावजी’ असं काहीतरी म्हणत होतं, ते काय होतं?’

‘कीबोर्ड तपासत होते,’ वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सगळं लिहिलेलं त्यांनी घाईघाईने पुसलं. बाराखडी पुसली, भावजी पुसले, लॉज पुसलं. शेवटच्या ओळीशी आल्यावर त्यांनी मागे बघितलं, तर पेंटर पाठीशी उभे. त्यांनी तीही पुसली, पण जरा हळू, एकेक अक्षर.

डॉक्टरीणबाईंची पाटी उघडून त्या नीट टेकतात न टेकतात तोच घंटी पुन्हा वाजली आणि दुपारची वाट न बघता खुद्द डॉक्टरीणबाई आत आल्या. वहिनींना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. कदाचित बाईंनी वाचलं नसेल. कदाचित त्या दुसऱ्या बाजूने आल्या असतील.

बाई खुर्चीत बसल्या, पर्स मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, ‘देवाला विचारून आले. हिरवा.’

वहिनींना हसावं की रडावं कळेना. ‘बाई, मी ते, म्हणजे माझ्या मनात तसं...’

‘तुमच्या मनात होतं तेच माझ्या नवऱ्याच्या मनात आहे,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘तो फक्त कोपऱ्यावरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहीत नाही.’ आणि त्या अशा मोकळ्या हसल्या की त्यांचे सगळे दात दिसले. सगळे होते आणि सुरेख होते, धंद्याला शोभतील असे. ‘काढा आता पाटी. बदलायला मी परत आले तर दार लावून घ्या.’

मशीन सुरू झालं. हिरव्या कागदावरून पातं सरसर फिरू लागलं. डॉक्टरीणबाई काही वेळ ते बघत बसल्या. मग उठताना भिंतीवरच्या बेकरीच्या पाटीपाशी थांबल्या.

‘हे पेंटरांच्या हातचं का?’

‘हो,’ वहिनी म्हणाल्या. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

‘मला एक शब्द लिहून द्याल?’ बाईंनी पेंटरांना विचारलं. ‘दवाखान्याचं काचेचं दार ओढायचं आहे, आणि आजपर्यंत आलेला प्रत्येक सुतार, प्रत्येक नळवाला ते ढकलतो. परवा मीच ढकललं. त्यावर ‘ओढा’ एवढंच हवं. तुमच्या हाताने.’

‘एवढंच?’ पेंटर म्हणाले. ‘एवढ्याला वेळ लागेल.’

दुसऱ्या दिवशी ते सकाळी लवकर गेले ते दुपार झाली तरी आले नाहीत. वहिनींनी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि कोपऱ्यावर गेल्या. पेंटर काचेसमोर स्टुलावर बसले होते. हातात बारीक ब्रश, कानावर दुसरा ब्रश, मनगट आधाराच्या काठीवर टेकवलेलं, श्वास थांबलेला. ‘ओ’ झाला होता. त्याच्या डोक्यावरची मात्रा पाण्यावरून उठणाऱ्या पाखरासारखी तिरपी गेली होती. ‘ढा’चं पोट भरायचं राहिलं होतं. वहिनी मागे उभ्या राहिल्या. पेंटरांना त्यांची चाहूल लागली होती, पण ब्रश काचेवर असेपर्यंत ते वळणार नव्हते, आणि वहिनींनाही ते माहीत होतं.

‘बरं आहे का?’ त्यांनी न वळता विचारलं.

वहिनींनी इकडेतिकडे पाहिलं. गल्लीत कुणी जवळ नव्हतं. ‘बरं नाही, छान आहे,’ त्या म्हणाल्या. मोठ्याने, तोंडाने.

पेंटरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी ‘ढा’चा काना वरून खाली एका दमात ओढला, ब्रश उचलला आणि स्टूल बाजूला घेतलं. रंग वाळल्यावर डॉक्टरीणबाईंनी दार लावलं आणि पहिल्या पेशंटची वाट बघत आत जाऊन बसल्या.

पेशंट आला. गालाला रुमाल बांधलेला, चेहरा पिळवटलेला. दारापाशी येऊन तो थांबला. दुखणं विसरून तो शब्द त्याने वरून खाली न्याहाळला, मग खालून वर. ‘वा,’ तो रुमालाच्या आतून म्हणाला, ‘काय अक्षर आहे!’

आणि त्याने दार ढकललं.